'लव्ह स्टोरी': आधी पटकथा, मग पुस्तक, मग वाद

हार्वर्डचा श्रीमंत मुलगा, रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजातली बेकरीवाल्याची मुलगी आणि तिचं आजारपण, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. ही कादंबरी मुळात कादंबरी म्हणून लिहिलीच गेली नव्हती, हे मात्र सहसा कुणाच्या लक्षात नसतं. लेखक एरिक सीगल येल विद्यापीठात ग्रीक-लॅटिन साहित्य शिकवायचे. रोमन विनोदी नाटककार प्लॉटसवरचा त्यांचा अभ्यासग्रंथ १९६८चा. त्याच वर्षी आलेल्या बीटल्सच्या 'यलो सबमरीन'च्या पटकथेतही त्यांचा हात होता. एका विद्यार्थ्याच्या तरुण पत्नीच्या मृत्यूची हकीकत कानावर आली आणि त्यातून त्यांनी पटकथा लिहिली. ती बऱ्याच दारांवरून परत आली आणि अखेर एका मोठ्या स्टुडिओने घेतली. चित्रपट यायच्या आधी त्याचं पुस्तक करावं ही सूचना स्टुडिओची, असं एक सांगणं. साहित्यिक एजंटची, असं दुसरं. कुणाची का असेना, पुस्तक झालं ते जेमतेम १३१ पानांचं. संवादच संवाद, वर्णन नावापुरतं. मूळ पटकथेचा सांगाडा पानापानांवर दिसतो.

प्रकाशनासाठी दिवस निवडला १४ फेब्रुवारी १९७०, व्हॅलेंटाइन डे. स्त्रियांच्या एका लोकप्रिय मासिकात मजकूर आधीच छापून आला होता. मग सकाळच्या टीव्ही कार्यक्रमात मुलाखतकार बाईंनी पुस्तक वाचून आपण रडलो असं सांगितलं आणि दुकानांत रीघ लागली. आदल्या वर्षी अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेली कादंबरी लैंगिक कबुलीजबाबाची होती. शिव्या घालणारे नायक-नायिका पण मनाने पार जुन्या वळणाचे, हा माल त्यामुळे वेगळा वाटला असणार. मे महिन्यात ओहायोतल्या विद्यापीठात व्हिएतनाम युद्धाविरोधी निदर्शनांवर गोळीबार होऊन चार विद्यार्थी मेले. त्या रणधुमाळीचा या कॅम्पस-कथेत फारसा मागमूस नाही, आणि माझ्या मते खपाचं निम्मं कारण तेच. नोव्हेंबरमध्ये पेपरबॅक आलं. पहिल्याच छपाईत ४३ लाख ५० हजार प्रती, म्हणजे त्या काळी न ऐकलेला आकडा. डिसेंबरमध्ये चित्रपट लागला. पुस्तकाने चित्रपटाची जाहिरात करायची आणि चित्रपटाने पुस्तकाची, हे गणित इतकं चोख आधी क्वचितच जमलं होतं. १९७०ची अमेरिकेतली सर्वाधिक खपाची कादंबरी हीच ठरली.

खरी ठिणगी पडली जानेवारी १९७१मध्ये. नॅशनल बुक अवॉर्ड या अमेरिकेतल्या मानाच्या साहित्य पारितोषिकाच्या कादंबरी विभागात 'लव्ह स्टोरी'चं नाव आलं आणि परीक्षक बिथरले. हे नाव काढा, नाहीतर आम्ही सगळे राजीनामे देतो, असा त्यांचा पवित्रा होता. पुस्तक सामान्य आहे, ते साहित्यच नाही आणि यादीत नुसतं असण्यानेही बाकीच्या पुस्तकांचा कमीपणा होतो, असं परीक्षक-प्रमुखांनी उघड सांगितलं. नाव निघालं.

यातला साहित्यिक निवाडा मला मान्य आहे. पुस्तक पातळ आहे, पानांनीही आणि आशयानेही. पण परीक्षकांच्या हाती मत होतं की! पाच मतं विरोधात टाकली असती तर कादंबरी पडली असती आणि चार दिवसांत लोक विसरले असते. त्या वर्षी कादंबरीचं पारितोषिक ज्यांना मिळालं त्यांना पुढे पाच वर्षांनी नोबेलही मिळालं, म्हणजे स्पर्धेत जोरदार पुस्तक होतंच. लाखोंच्या खपाचं पुस्तक शेजारी बसलं म्हणून त्याला काय बाधा येणार होती? परीक्षकांच्या बाजूने एवढंच म्हणता येईल, की नामांकनाचा शिक्का पुढच्या जाहिरातीत झळकला असता, आणि तो रोखण्याची वेळ निकालाच्या आधीचीच होती. तरी राजीनाम्याच्या धमकीने झालं उलटंच. न मिळालेल्या पारितोषिकाचीच चर्चा जास्त झाली.

किंमत लेखकानेही मोजली. बेस्टसेलर प्राध्यापकाकडे विद्यापीठीय वर्तुळ संशयाने पाहू लागलं, येलमध्ये कायमची जागा मिळाली नाही. अमेरिकन टीव्हीवर मात्र ते १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मॅरेथॉनचं समालोचन करताना दिसले; स्वतः मॅरेथॉन धावायचे आणि सुवर्णपदक मिळवणारा धावपटू येलमधला त्यांचाच विद्यार्थी. पुढचा भाग १९७७मध्ये आला. तो खपला, पण पहिल्यासारखा गाजला नाही.

१९९७च्या अखेरीस विषय पुन्हा वर आला, तोही राजकारणामुळे. नायक-नायिका आपल्या आणि पत्नीच्या जोडीवर बेतलेत, असं अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर म्हणाल्याची बातमी झाली. लेखकाने खुलासा केला: नायकात उपाध्यक्ष आणि त्यांचा रूममेट अशा हार्वर्डच्या दोघांचे अंश आहेत, वडिलांच्या अपेक्षांचं ओझं उपाध्यक्षांकडून घेतलेलं, नायिकेचा मात्र त्यांच्या पत्नीशी संबंध नाही. तो रूममेट म्हणजे पुढे ऑस्कर मिळवणारा नट, ज्याने याच चित्रपटात पहिली छोटी भूमिका केली होती. अर्ध्या खऱ्या दाव्याची नंतर २०००च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीपर्यंत थट्टा चालली.

सीगल २०१०मध्ये लंडनला वारले. २०२०मध्ये पन्नाशीनिमित्त नवी आवृत्ती निघाली. तिची प्रस्तावना त्यांच्या कादंबरीकार मुलीने लिहिली आहे.