शॉट मोजू नका, सेटअप मोजा

जाहिरातीचं एका दिवसाचं शूट ठरत असलं की पीपीएममध्ये, म्हणजे शूटआधीच्या बैठकीत, दर वेळी शॉटची चित्रं काढलेला स्टोरीबोर्ड समोर ठेवून तोच हिशेब ऐकू येतो: "स्टोरीबोर्डवर १८ फ्रेम, शिफ्ट १२ तासांची, म्हणजे शॉटमागे ४० मिनिटं. आरामात होतंय." होत नाही. या भागाकारात शॉट आणि सेटअप एकच धरलेले असतात. रात्री पॅक शॉट, म्हणजे जाहिरातीच्या शेवटी येणारा मालाचा शॉट, कसाबसा उरकावा लागतो तो त्यामुळेच.

शॉट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. टेक म्हणजे त्याच शॉटची आणखी एक खेप; तिथे कुणी अडत नाही. सेटअप म्हणजे कॅमेऱ्याची जागा आणि त्या जागेवरून बघून बसवलेलं लाइटिंग. दोहोंपैकी एक जरी मुळातून बदललं तरी नवा सेटअप.

माणसाच्या चेहऱ्यावर शूट करताना कॅमेरा थोडा सरकला तर एखादा लाइट हलवून भागतं. काचेच्या बाटलीला हे चालत नाही. कोकम सरबताची बाटली घ्या. तिच्या काचेत समोरचं सगळं उमटतं: सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडाआडून मऊ उजेड देणारा लाइट), कॅमेरा, मागे उभा असलेला क्लायंटसुद्धा. बाटलीच्या कडेला चमकणारी ती सरळ पांढरी रेघ म्हणजे मोजूनमापून ठेवलेल्या सॉफ्टबॉक्सचं प्रतिबिंब असतं. शिवाय कोकमाचा लाल रंग मागून उजेड आल्याशिवाय खुलत नाही, काळपट दिसतो. म्हणून बाटलीच्या आकाराचा, तिच्याहून किंचित लहान कापलेला चंदेरी पुठ्ठा तिच्यामागे लपवतात. कॅमेरा हातभर डावीकडे नेला की रेघ मोडते, पुठ्ठा डोकावतो आणि काम पहिल्यापासून. "जरा अँगल बदलून एक घेऊ" हे वाक्य मला सेटवर सहन होत नाही. टेबलटॉपवर, म्हणजे वस्तू टेबलावर मांडून केलेल्या शूटला, त्या "जरा"ला मी ४५ मिनिटं धरतो.

याउलट, फ्रेम ३ मधलं लेबल आणि फ्रेम १८ मधला पॅक शॉट कागदावर एकमेकांपासून लांब असले तरी कॅमेऱ्याची दिशा एकच असते. लेन्स बदलली, फोकस बघितला, की दुसरा शॉट तयार.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कॅमेरा तसूभरही हलत नाही तिथे. ग्लासात पडणारं सरबत स्लो मोशनसाठी सेकंदाला १००० फ्रेमने टिपायचं असेल, तर नेहमीच्या २५ फ्रेमच्या मानाने ४० पट उजेड लागतो, कारण प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला तेवढाच कमी वेळ येतो. २५ फ्रेमला बिनबोभाट चालणारे काही लाइट इथे फ्लिकर करायला, म्हणजे लुकलुकायला लागतात. फ्रेम तीच, पण लाइटिंग सगळं नवं. स्टोरीबोर्ड बघून हे कुणालाच कळत नाही.

आता खरा हिशेब. १२ तासांतून जेवणाचा एक आणि पहिल्या लाइटिंगचा दीड तास वजा केला की उरतात ५७० मिनिटं. ७ सेटअप असतील तर प्रत्येकी ४५ मिनिटांच्या सहा बदलांत २७० जातात आणि १८ शॉटना ३०० मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे सोळा-सतरा. तेच १८ शॉट ११ सेटअपमध्ये विखुरले, तर उरलेल्या १२० मिनिटांत शॉटमागे सातसुद्धा येत नाहीत. एवढ्यात बाटलीवरचे बोटांचे ठसे पुसून ग्लिसरीन-पाण्याचे थेंब पुन्हा फवारायलाही वेळ पुरत नाही.

जाहिरातीत शेवटी येतो म्हणून पॅक शॉट शूटलाही शेवटी ठेवतात, ते मला अजिबात पटत नाही. पहिला सेटअप त्याचाच हवा: लेबल कोरं असतं, लाइटमन ताजेतवाने असतात आणि मंजुरी देणारा क्लायंट मॉनिटरसमोर जागा असतो. त्याच लाइटिंगमध्ये बसणारे बाकीचे शॉट लगेच त्यामागे घ्यावेत. स्टोरीबोर्डच्या प्रतीवर प्रत्येक फ्रेमच्या कोपऱ्यात मी लाल पेनाने सेटअपचा नंबर लिहितो आणि पीपीएममध्ये तीच प्रत वाटतो. कुणी नवा अँगल सुचवला, तर तो कोणत्या नंबरात बसतो एवढंच विचारतो. बसत नसेल, तर त्याच्या बदल्यात कोणता नंबर खोडायचा ते तिथेच ठरवून घेतो.