सोळा मिलिसेकंदांचा संसार

भाच्याचा फोन आला तेव्हा ग्राफिक्स कार्ड घेऊन झालं होतं. "मामा, आता प्रोसेसर कुठला टाकू? फार पैसे उरले नाहीत." मग जरा थांबून, "एका साइटवर दोघांची नावं टाकली तर १८ टक्के बॉटलनेक दाखवतंय. चालेल का?"

मी म्हटलं, "तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे?"

"अरे, मी प्रोसेसरचं विचारतोय!"

बॉटलनेक म्हणजे जोडीतल्या एकाच्या मंदपणामुळे दुसऱ्याचं अडणं. पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले की लग्न ठरतं. इथे १८ टक्क्यांवरून मोडायला निघालं होतं. पत्रिका बघणारा निदान जन्मवेळ तरी विचारतो. त्या साइटने कुठला खेळ, किती रिझोल्यूशन, सेकंदाला किती फ्रेम हव्यात, यातलं काहीच विचारलं नव्हतं. त्यामुळे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. मॉनिटरच्या प्रश्नाला मात्र होता. हर्ट्झ म्हणजे मॉनिटर सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो. तो कसा, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

खेळ चालू असताना पडद्यावर दिसतात ती एकामागून एक झरझर बदलणारी चित्रं, म्हणजे फ्रेम. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. १४४ हव्या असतील तर अवघे ६.९. तेवढ्या वेळात प्रोसेसर आणि कार्ड दोघांनी आपापलं काम उरकायचं असतं.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. एकजण ठिपके मांडून रेघा जोडतो आणि दुसरा रंग भरतो. प्रोसेसर हा ठिपके मांडणारा. तुम्ही कुठली कळ दाबली, गोळी कुठे गेली, गाडी कठड्याला घासली का, समोरचा शत्रू आता काय करेल, कॅमेऱ्याच्या टप्प्यात काय काय येतं, हा सगळा हिशेब त्याचा. तो झाला की तो कार्डाला हुकूम सोडतो: इथे झाड काढ, तिथे भिंत काढ. अशा एकेका हुकमाला ड्रॉ कॉल म्हणतात आणि मोठ्या खेळात एका फ्रेमसाठी असे हजारो हुकूम सुटतात. कार्ड रंग भरत असतं तेवढ्यात प्रोसेसर पुढच्या रांगोळीचे ठिपके मांडायला बसलेला असतो. दोघांत जो मंद, त्याच्या गतीने अंगण सजतं.

आता तीच रांगोळी चौपट मोठी काढायची ठरवली तर? ठिपके तेवढेच राहतात, फक्त लांब लांब पडतात. रंग मात्र चौपट लागतो. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, म्हणजे रंग भरायचे बारीक चौकोन, असतात, २५६० गुणिले १४४० वर ३६.९ लाख आणि फोर-के पडद्यावर ८२.९ लाख. हा सगळा वाढीव बोजा कार्डावर पडतो. प्रोसेसरच्या कामात जवळजवळ फरक पडत नाही, कारण त्याचा संबंध पिक्सेलशी नसून सेकंदाला किती फ्रेम मांडायच्या याच्याशी असतो.

यातून निघतं ते सामान्य समजुतीच्या उलटं आहे. महागड्या कार्डावर फोर-केमध्ये निवांत गोष्टीचा खेळ खेळणाऱ्याचं मध्यम प्रोसेसरवर भागतं. उलट साधं कार्ड घेऊन १०८० वर, सगळी सेटिंग्ज खाली आणून व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये २०० च्या वर फ्रेम मागणाऱ्याला प्रोसेसर तगडा लागतो. डीएलएसएससारखी युक्ती चालू केली तरी हेच होतं. १०८० च्या पडद्यावर तिच्या 'क्वालिटी' पर्यायात कार्ड प्रत्यक्षात १२८० गुणिले ७२० चं चित्र काढतं आणि ते फुगवून दाखवतं. रंग कमी लागला, कार्ड मोकळं झालं, आणि आता सगळ्यांच्या नजरा ठिपके मांडणाऱ्याकडे.

भाच्याचा मॉनिटर निघाला १०८० चा, १४४ हर्ट्झचा. म्हणजे त्याच्या प्रोसेसरला फ्रेममागे सात मिलिसेकंदांच्या आत काम उरकायचं होतं.

दुकानात पहिला आकडा पुढे केला जातो तो कोअरचा. लॅमिंग्टन रोडवर (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडी कायम लॅमिंग्टन) उभं राहिलात तर "आठ कोअर घ्या, पुढे बघायला नको" हे वाक्य कानावर पडणारच. कोअर म्हणजे कामाला लावलेली माणसं. पण खेळातलं बरंच काम एकापाठोपाठ एकच होऊ शकतं: गोळी लागली की नाही हे कळल्याशिवाय शत्रू पडला की नाही हे ठरत नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणक-अभियंत्याने १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद इथे लागू पडतो. समजा फ्रेमचं ४० टक्के काम असं रांगेतलंच आहे आणि उरलेलं ६० टक्के कितीही जणांत वाटता येतं. मग सहा कोअर लावले तर वेग एका कोअरच्या दुप्पट होतो. सोळा लावले तर? २.२९ पट. दहा माणसं जादा लावली आणि हाती एवढंच आलं. अगणित कोअर लावले तरी अडीचपटीच्या पुढे गाडी जात नाही.

म्हणूनच विंडोजच्या टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा टक्का फसवतो. सहा कोअर आणि बारा थ्रेडच्या (म्हणजे दर कोअरला कामाचे दोन धागे असलेल्या) प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण पिचून निघत असला आणि बाकीचे बसून असले तर एकूण वापर दिसतो सुमारे ८ टक्के. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर झोपलाय, दोष कार्डाचाच!

किती कोअर पुरेत याचा एक व्यावहारिक अंदाज टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांवरून, म्हणजे कन्सोलवरून, बांधता येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत रायझन प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या झेन २ पिढीचे आठ कोअर आहेत. मोठे खेळ त्यांच्यावर चालावेत म्हणूनच लिहिले जातात, त्यामुळे त्याहून नव्या पिढीचे, जास्त वेगाचे सहा कोअर आज सहसा पुरतात. चारसुद्धा वाटतात तेवढे दुबळे नाहीत. इंटेलचा २०२२ चा चार कोअरचा आय३-१२१००एफ हा २०१९ च्या सहा कोअरच्या रायझन ५ ३६०० ला बहुतेक खेळांत मागे टाकतो. पण मी चार कोअरवाला आज घेणार नाही. सरासरी छान येते, आणि मध्येच ठेच लागते.

कोअरपेक्षा मला जास्त रस आहे तो कॅशमध्ये. खिशातली कॅश नव्हे, प्रोसेसरच्या पोटातली: लागणारी माहिती हाताशी ठेवायचं छोटं फडताळ. ४.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. रॅममधून एखादी माहिती मागवली तर ती यायला ढोबळमानाने ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे ३५० ठोके. तेवढा वेळ कोअर हात बांधून उभा. तीच माहिती प्रोसेसरमधल्या एल३ कॅशमध्ये असेल तर पन्नासेक ठोक्यांत हाती येते. खेळांची अडचण अशी की त्यांची माहिती विखुरलेली असते. या शत्रूची नोंद इथे, त्याच्या बंदुकीची तिथे, तो ज्या जिन्यावर उभा आहे त्याची तिसरीकडेच. पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून ते आधीच आणून ठेवणं प्रोसेसरला फारसं जमत नाही. म्हणून फडताळ मोठं असलेलं बरं.

याचा नामी पुरावा एएमडीनेच एप्रिल २०२२ मध्ये दिला. रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर त्यांच्याकडे आधीपासून होता: ३२ एमबी एल३ कॅश आणि कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ. त्यावर आणखी ६४ एमबी कॅशचा थर चढवून ५८००एक्स३डी काढला. कोअर तेवढेच, आणि कमाल वेग उलट घटून ४.५ वर आला. तरी खेळांमध्ये हा नवा प्रोसेसर सरळ पुढे गेला, आणि फडताळाचा उपयोग नसलेल्या कामांत किंचित मागे पडला. एक्स३डी स्वस्तातला नाही. पण पैसे नेमके कशासाठी मोजायचे हे त्याने दाखवून दिलं.

आणि इथेच स्वस्त प्रोसेसरच्या नावांतला सापळा लपलेला आहे. रायझन ५ ५५००, ५६००जी आणि ५६०० ही तीन खोकी शेजारी ठेवा. तिन्हींत सहा कोअर, बारा थ्रेड, पिढी झेन ३. वेगांतला फरक कागदावर मामुली. पण ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश आहे, बाकी दोघांत १६. ५६००जी मध्ये अंगचं ग्राफिक्स असतं, पण वेगळं कार्ड लावल्यावर ते बहुतेक वेळ रिकामंच बसणार. म्हणजे जे लागत नाही त्यासाठी पैसे मोजले आणि जे लागतं ते निम्मं मिळालं. 'जी आहे म्हणजे गेमिंगचा' असा अर्थ लावणारे मी पाहिले आहेत.

५५०० आणि ५६००जी या दोघांत आणखी एक उणीव आहे: ते पीसीआय एक्स्प्रेसची तिसरीच पिढी देतात, ५६०० चौथी देतो. हा प्रोसेसर आणि कार्ड यांच्यामधला रस्ता. तिसऱ्या पिढीत एका मार्गिकेतून सेकंदाला साधारण १ जीबी जाते, चौथीत २. पूर्ण १६ मार्गिका वापरणाऱ्या आरटीएक्स ३०६० सारख्या कार्डाला याचं फारसं सोयरसुतक नाही. पण स्वस्त कार्डांत कंपन्या मार्गिकाच छाटतात. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० ला आठ आहेत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच, आणि स्वतःची मेमरीही ४ जीबीच. त्या मेमरीचा वेग सेकंदाला १४४ जीबी आहे. ती भरली की उरलेला माल रॅममधून आणावा लागतो, आणि तिसऱ्या पिढीच्या रस्त्याने तो सेकंदाला सुमारे ४ जीबीने येतो. घाटात एसटी अडकावी तशी गत. सर्वात स्वस्त प्रोसेसर आणि सर्वात स्वस्त कार्ड अशी जोडी जमवणाऱ्यालाच हा फटका बसतो, ही यातली कुचंबणा.

मदरबोर्डही बघावा लागतो. बी४५० किंवा ए५२० बोर्डावर ५६०० बसवला तरी रस्ता तिसऱ्या पिढीचाच राहतो. चौथीसाठी निदान बी५५० लागतो.

कार्ड आणि प्रोसेसर यांच्या मध्ये ड्रायव्हर नावाचा एक मध्यस्थही असतो. प्रोसेसरचे हुकूम कार्डाच्या भाषेत उतरवणारा हा दुभाषा स्वतः प्रोसेसरवरच चालतो, म्हणजे त्याच्याच वेळेतून वाटा घेतो. डिसेंबर २०२४ मध्ये इंटेलने २४९ डॉलरचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड आणलं, तेव्हा परीक्षकांनी रिवाजाप्रमाणे ते तगड्या प्रोसेसरांवर तपासलं आणि वाखाणलं. काही आठवड्यांतच कुणीकुणी ते रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरांवर चालवून पाहिलं, म्हणजे असं कार्ड घेणाऱ्याच्या घरी जे असण्याची शक्यता जास्त त्यांच्यावर. काही खेळांत ते आरटीएक्स ४०६० च्या मागे गेलं, ज्याला त्याने आधी हरवलं होतं. काही खेळांत रायझन ५ ५६०० सुद्धा त्याला पुरा पडेना. आरटीएक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाचा ड्रायव्हरही प्रोसेसरकडून एएमडीपेक्षा जास्त काम करून घेतो, हे २०२१ मध्येच चाचण्यांत दिसलं होतं. म्हणून कार्डाच्या परीक्षणातला आकडा वाचताना खाली बारीक अक्षरात लिहिलेला प्रोसेसर आधी वाचावा.

सरासरीवरही फार भिस्त ठेवू नये. ९९ फ्रेम ८ मिलिसेकंदांच्या आणि एक फ्रेम १०० ची, असं झालं तर सरासरी सेकंदाला ११२ निघते, दिमाखदार. पण ती एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा दहावा भाग पडदा गोठणं, आणि ते नेमकं नेम धरताना होतं. २०११ मध्ये स्कॉट वॉसन या परीक्षकाने प्रत्येक फ्रेमचा वेळ मोजण्याचा आग्रह धरला. पुढे '१ टक्का लो', म्हणजे सर्वात मंद एक टक्का फ्रेमची गती, हा आकडा परीक्षणांत रुळला. दुबळा प्रोसेसर पकडायचा तर इथे.

घरी जुना संगणक असेल तर पैसे खर्च करण्याआधी फुकटात एक प्रयोग करता येतो. खेळातली एखादी गजबजलेली जागा निवडा, फ्रेमचा आकडा बघा, मग रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. आकडा उसळला तर अडलंय कार्डापाशी. जागचा हलला नाही तर प्रोसेसरपाशी. कार्डाचा वापर ९७-९९ टक्के दिसत असेल तर तेही कार्डच पूर्ण राबत असल्याचं लक्षण.

भाच्याचं कार्ड होतं आरएक्स ६६००. त्याला मी रायझन ५ ५६०० सांगितला, बी५५० बोर्डासकट. इंटेलचा आय५-१२४००एफ मिळाला असता तरी चाललं असतं. खेळांत दोघे बरोबरीचे, त्या दिवशी जो स्वस्त तो घ्यावा. नावातल्या 'एफ'चा अर्थ एवढाच की अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड बिघडलं तर पडदा काळा. दोन्हींचे सॉकेट, म्हणजे बोर्डावरचे प्रोसेसर बसवायचे साचे, जुने झालेत, आणि पुढे कधीतरी प्रोसेसर बदलायचा मनसुबा असेल तर एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जावं, पण तिथे डीडीआर५ रॅमशिवाय पर्याय नाही. भाच्याकडे जुन्या डीडीआर४ च्या दोन पट्ट्या होत्या, म्हणून प्रश्नच मिटला. दोन सांगतोय ते मुद्दाम: एकच मोठी पट्टी लावली तर रॅमचा रस्ता निम्मा होतो. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) रॅमचं वेगाचं प्रोफाइल चालू केलं नाही तर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम बहुधा २१३३ किंवा २६६६ वर रेंगाळते.

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. "मामा, सगळं जोडलं, मस्त चालतंय, पण ६० च्या वर एक फ्रेम जाईल तर शपथ. प्रोसेसर चुकला का रे?"

"व्ही-सिंक चालू आहे?" (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या हर्ट्झला बांधून ठेवणारं हे सेटिंग.)

"हो."

"विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये बघ, मॉनिटर किती हर्ट्झवर ठेवलायस?"

माउसच्या दोन टिचक्या ऐकू आल्या. मग बराच वेळ काहीच नाही.