इलेक्ट्रॉनांची जोडी जमते कशी?

दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना दूर ढकलतात, हे आपण शाळेतच शिकतो. तरीही अतिवाहकात ते जोडीने वावरतात, आणि जोडीने वावरतात म्हणूनच वीज कणभरही विरोध न होता वाहते. पारा हा धातू ४.२ केल्विनच्या (म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या) आसपास विरोध टाकून देतो, हे हाइके कामरलिंग ओनेस यांना लायडनमध्ये १९११ साली दिसलं. त्यामागचं कारण कळायला १९५७ साल उजाडलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांनी तेव्हा मांडलेला सिद्धांत त्यांच्या आद्याक्षरांवरून 'बीसीएस' म्हणून ओळखला जातो.

या सिद्धांतातली सगळी किमया वेळेची आहे. इलेक्ट्रॉन स्फटिकातून सुसाट जाताना आजूबाजूचे धन आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू, किंचित आपल्याकडे ओढतो. आयन त्याच्या हजारो पटींनी जड, त्यामुळे त्यांना जागेवर परतायला उशीर लागतो. तोवर पहिला इलेक्ट्रॉन दूर निघून गेलेला असतो, पण धन भाराची दाटी मागे उरलेली असते आणि दुसरा तिच्याकडे खेचला जातो. दोघांची समोरासमोर गाठ न पडताच जोडी जमते. अशी जोडी सगळ्या दिशांनी सारखी, गोल असते. भौतिकीत तिला एस-तरंग म्हणतात.

अट एवढीच, की इलेक्ट्रॉन वेगवान हवेत आणि आयन संथ. ती नेहमी पाळली जातेच असं नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ साली शुद्ध बिस्मथचा स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अर्ध्या सहस्रांश अंशावर, अतिवाहक झालेला आढळला. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एकच फिरता इलेक्ट्रॉन असतो, आणि तिथे हा वेगातला फरक टिकत नाही. मुंबईत झालेलं हे काम मराठी वाचकांपर्यंत फारसं पोचलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

बीसीएसच्या चौकटीला पहिला मोठा तडा मात्र १९७९ सालीच गेला होता. चुंबकीय अणू जोड्या फोडतात, ही तेव्हाची पक्की समजूत होती, आणि साध्या अतिवाहकांपुरती ती खरीही आहे. जर्मनीत फ्रांक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांनी सेरियम, तांबं आणि सिलिकॉन यांचं एक संयुग घेतलं. सेरियमचा अणू चुंबकीय, तरी संयुग अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिवाहक झालं. सेरियम काढून त्या जागी चुंबकत्व नसलेलं लँथॅनम घातलं, तर अतिवाहकता नाहीशी! ज्याला शत्रू समजत होते, तोच इथे जोडी जमवणारा ठरत होता. लोकांना हे पटायला काही वर्षं गेली.

मग १९८६ साली झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनोर्झ आणि म्युलर यांना तांब्याचं एक ऑक्साइड ३० केल्विनच्या वर अतिवाहक होताना दिसलं. पुढच्याच वर्षी इट्रियम असलेल्या ऑक्साइडने ९० केल्विनचा टप्पा ओलांडला, आणि द्रवरूप नायट्रोजन थंडाव्यासाठी पुरेसा झाला. या ऑक्साइडांचं मूळ रूप तर अतिवाहक सोडाच, साधं वाहकही नाही. ते विद्युतरोधक असतं आणि त्यात तांब्याच्या शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन, म्हणजे त्यांची जणू अंगभूत चिमुकली चुंबकं, उलटसुलट लागलेले असतात.

मग जोडी जमवतं कोण? या प्रश्नाला थेट हात घालणं अवघड होतं, म्हणून आधी जोडीचा आकार शोधला गेला. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल हेच. आकर्षण या स्पिनच्या चुंबकीय हेलकाव्यांतून येत असेल, तर जोडीला चार पाकळ्या असाव्यात: दोन धन, दोन ऋण (हे विद्युतभार नव्हेत, तरंगाची चिन्हं), आणि मधल्या तिरप्या दिशांना शून्य. हा डी-तरंग. यात दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी कधी येतच नाहीत. बीसीएसमध्ये त्यांना वेळ दूर ठेवते, इथे जागा.

पण पाकळीचं चिन्ह मोजायचं कसं? आयबीएमच्याच अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत त्सुएई आणि कर्टली यांनी १९९४ साली तीन स्फटिक वेगवेगळ्या कोनांत जोडलेला पाया घेतला. त्यावर इट्रियमच्या ऑक्साइडचा पातळ थर वाढवला आणि केसाच्या जाडीएवढ्या व्यासाची काही कडी कोरली. एक कडं नेमकं तिन्ही स्फटिक भेटतात त्या बिंदूभोवती. कोन असे निवडले होते, की कड्याभोवती एक फेरी मारली की चिन्ह एकदा उलटावं. साध्या कड्यात चुंबकीय फ्लक्स, म्हणजे कड्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र, ठरावीक मापाच्या पूर्ण पुंजांतच मावतो: शून्य, एक, दोन. त्या मधल्या कड्यात मात्र आपोआप अर्धा पुंज उमटला. शेजारच्या कड्यांत काहीच नव्हतं. डी-तरंगाला याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. जोडी जमवणारं बळ नेमकं कोणतं, हा वाद मात्र त्याने मिटला नाही.

त्याच वर्षी जपानमध्ये योशितेरू माएनो यांच्या गटाने स्ट्रॉन्शियम-रुथेनियमचं ऑक्साइड अतिवाहक असल्याचं दाखवलं. शुद्ध स्फटिकात हे १.५ केल्विनला घडतं. इथल्या जोडीतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन नेहमीसारखे एकमेकांच्या उलटे नसून समांतर आहेत, असा तर्क निघाला. हीलियम-३ च्या, म्हणजे हीलियमच्या हलक्या रूपाच्या, अणूंच्या जोड्या तशाच असतात, हे ठाऊक होतं. १९९८ साली इशिदा आणि सहकाऱ्यांनी एनएमआरने, म्हणजे अणुकेंद्रांना रेडिओलहरींचे स्पंद देऊन त्यांचा चुंबकीय प्रतिसाद टिपण्याच्या तंत्राने, मोजमाप केलं. उलटे स्पिन जोडीत बांधले गेले, की इलेक्ट्रॉनांचा चुंबकीय प्रतिसाद घटायला हवा. तो घटला नाही. पुढची वीस वर्षं समांतर स्पिनची ही जोडी या क्षेत्रात जवळजवळ गृहीत धरली गेली.

२०१९ साली कॅलिफोर्नियात स्टुअर्ट ब्राउन यांच्या गटाने तेच मोजमाप पुन्हा केलं, पण एनएमआरचे स्पंद क्षीण ठेवून. या वेळी प्रतिसाद घटला. आधीच्या जोरकस स्पंदांनी नमुना क्षणभर तापून अतिवाहकतेतून बाहेर पडत होता. मोजमाप साध्या धातूचं होत होतं. इशिदांच्या गटाने आपला प्रयोग कमी ऊर्जेने पुन्हा केला आणि घट खरी असल्याचं, नमुना तापत असल्याचं स्वतःच प्रसिद्ध केलं. या जोडीचा आकार कोणता, यावर अजूनही एकमत नाही.