हरलेल्या गुरूचं घराणं: कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे सव्वाशे हंगाम

मार्च महिना लागला की अमेरिकेत शिकणारी आपली भाचेमंडळी अचानक बास्केटबॉलबद्दल बोलायला लागतात. कॉलेज संघांची बाद फेरीची स्पर्धा सुरू झालेली असते आणि कोण कोणाला हरवणार याचे तक्ते वसतिगृहापासून ऑफिसपर्यंत सगळीकडे भरले जात असतात. त्या तक्त्यांत एक नाव बहुतेक दरवर्षी वरच्या मानांकनात दिसतं, ते म्हणजे कॅन्सस. राज्य शेतीचं, विद्यापीठाचं गाव लॉरेन्स, आणि गावात या खेळाला जवळपास ग्रामदैवताचा मान. हे कसं झालं ते कळायला या संघाची वही पहिल्या पानापासून चाळावी लागते.

पहिल्या पानावर पराभव आहे. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाने कॅन्ससला १६-५ असं हरवलं. कॅन्ससच्या बाजूने उभे होते जेम्स नेस्मिथ, म्हणजे ज्यांनी हा खेळ शोधला तेच. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे, थंडीत मैदानावर जाता न येणाऱ्या दांडगट विद्यार्थ्यांना गुंतवून ठेवायला त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या आणि तेरा नियम लिहिले. हे कॅनेडियन गृहस्थ धर्मशास्त्र शिकलेले, पुढे डॉक्टरही झालेले. १८९८ मध्ये ते कॅन्ससला आले ते व्यायाम आणि प्रार्थना या दोन्ही खात्यांचं काम बघायला. संघ सांभाळणं त्यातच आलं. नऊ हंगामांत ५५ विजय, ६० पराभव. पुढच्या सव्वाशे वर्षांत या संघाला प्रशिक्षक मिळाले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्यात विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले एकटे नेस्मिथच!

त्यांना त्याचं दुःख होतं असं दिसत नाही. बास्केटबॉल शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असं ते आपल्या एका शिष्याला म्हणाले, अशी गोष्ट लॉरेन्समध्ये सांगतात. तो शिष्य म्हणजे फॉरेस्ट ॲलन. बेसबॉलच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहिले की धुक्यातल्या भोंग्यासारखा आवाज लावायचे, म्हणून त्यांचं नाव ‘फॉग’ पडलं. ॲलन यांनी गुरूचं ऐकलं नाही. १९०७ ते १९०९ आणि मग १९१९ पासून १९५६ पर्यंत त्यांनी कॅन्ससला शिकवलं आणि ५९० सामने जिंकून दिले. बास्केटबॉलचा प्रशिक्षक हा पूर्णवेळचा पेशा आहे, ही कल्पना रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. हा खेळ ऑलिंपिकमध्ये घ्यावा म्हणून खटपट करणाऱ्यांतही ते पुढे होते. १९३६ मध्ये बर्लिनला तो खेळला गेला तेव्हा नेस्मिथ तिथे हजर होते. तीन वर्षांनी ते लॉरेन्समध्येच वारले.

आपल्याकडे गाण्यात घराणं म्हणतात, तसंच हे आहे. १९२२ आणि १९२३ हे ॲलन यांचे सुरुवातीचे सर्वात गाजलेले हंगाम. तेव्हा अखिल देशाची स्पर्धाच नव्हती. हेल्म्स नावाच्या संस्थेने पुढे मागचे हिशेब मांडून ही दोन वर्षं कॅन्ससच्या नावावर लावली, त्यामुळे या विजेतेपदांकडे थोडं हात राखूनच बघावं. पण त्या संघाच्या बाकावर ॲडॉल्फ रप नावाचा एक राखीव खेळाडू बसत असे. मैदानात त्याला फारसं उतरायला मिळालं नाही, बघायला मात्र भरपूर मिळालं. या रप यांचं नाव शेवटी पुन्हा येणार आहे.

राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९३९ मध्ये. १९४० ला कॅन्सस अंतिम फेरीत पोहोचलं आणि इंडियानाकडून हरलं. खरं विजेतेपद आलं १९५२ मध्ये. क्लाइड लव्हलेट या आडदांड खेळाडूने सिएटलच्या अंतिम सामन्यात ३३ गुण केले आणि सेंट जॉन्स ८०-६३ असं पडलं. त्याच उन्हाळ्यात हेलसिंकीला सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन ऑलिंपिक संघात सात जण कॅन्ससचे होते. लव्हलेटच्या संघातला आणखी एक राखीव मुलगा म्हणजे डीन स्मिथ. ॲलन यांच्या बाकाला काहीतरी गुण असावा, कारण पुढे हाही नॉर्थ कॅरोलिनाचा थोर प्रशिक्षक झाला. १९५३ ला पुन्हा अंतिम सामना, पुन्हा इंडियाना, आणि एका गुणाने हार: ६९-६८.

यानंतरचा प्रसंग या वहीतला सगळ्यात बोचरा. १ मार्च १९५५ रोजी ॲलन यांच्याच नावाचं नवं क्रीडागृह, ॲलन फील्डहाऊस, सुरू झालं. त्याच वर्षी फिलाडेल्फियाहून विल्ट चेंबरलेन आला. उंची ७ फूट १ इंच आणि चपळाई धावपटूची. त्याला आणलं ॲलन यांनी. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, आणि वयाची सत्तरी झाली की नोकरी सोडायची, हा नियम ॲलन यांच्या आड आला. चेंबरलेन मुख्य संघात यायच्या आधीच म्हातारबुवांना घरी बसावं लागलं. झाड लावलं, आणि फळं लागायच्या वेळी मळा दुसऱ्याच्या ताब्यात गेला.

नवे प्रशिक्षक डिक हार्प. ३ डिसेंबर १९५६ रोजी नॉर्थवेस्टर्नविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात चेंबरलेनने ५२ गुण केले आणि ३१ रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत आलेले चेंडू, घेतले. आता विजेतेपद कोणी अडवू शकत नाही, असंच सगळे धरून चालले. खेळाबाहेर मात्र या मुलाच्या वाट्याला वेगळंच येत होतं. डॅलसला विभागीय सामने होते, तिथे काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या हॉटेलात जागा नाही, म्हणून संघ शहराबाहेर उतरला. प्रेक्षकांनी शिव्या घातल्या त्या वेगळ्या.

२३ मार्च १९५७. अंतिम सामना कॅन्सस सिटीला, म्हणजे जवळपास घरच्या अंगणात. समोर नॉर्थ कॅरोलिना, हंगामात एकही सामना न हरलेला संघ, पण आदल्याच रात्री तीन जादा डाव खेळून दमलेला. सुरुवातीची उडी घ्यायला त्यांचे प्रशिक्षक फ्रँक मॅग्वायर यांनी चेंबरलेनसमोर टॉमी कर्न्सला पाठवलं. उंची ५ फूट ११ इंच. मैदानाच्या मधोमध ही जोडी उभी राहिली तेव्हा लोक हसले असणार. उडी जिंकायचा प्रश्नच नव्हता, चेंबरलेनला अवघडल्यासारखं वाटावं एवढाच हेतू. मग त्याच्याभोवती दोन-तीन जणांचं कोंडाळं. ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम तेव्हा नव्हता, त्यामुळे दोन्ही संघ चेंडू धरून बसायचे. नियमित वेळेत ४६-४६. पहिल्या जादा डावात दोघांचे दोन-दोन गुण. दुसऱ्यात शून्य-शून्य. आजच्या प्रेक्षकाने चॅनल बदललं असतं. तिसऱ्यात सहा सेकंद उरले असताना जो क्विगने दोन फ्री थ्रो, म्हणजे समोरच्याच्या आगळिकीबद्दल मिळणारे एकेका गुणाचे मोकळे फटके, टाकले: ५४-५३. कॅन्ससने शेवटचा पास चेंबरलेनकडे उंच फेकला, तोही क्विगनेच बोटांनी उडवला.

चेंबरलेन आणखी एक हंगाम खेळला आणि शिक्षण अर्धवट सोडून हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या गावोगाव करामतीचे सामने करणाऱ्या संघात गेला. लॉरेन्सला तो वर्षानुवर्षं फिरकला नाही. तो पराभव लोक आपल्याच माथी मारतात, असं त्याने धरून ठेवलं होतं. १७ जानेवारी १९९८ रोजी त्याची जर्सी फील्डहाऊसच्या छताखाली चढवली गेली, तेव्हा साठी ओलांडलेला चेंबरलेन विद्यापीठाचं जुनं जॅकेट घालून आला आणि त्याने हे सल बोलून दाखवलं. प्रेक्षक टाळ्या थांबवेनात. पुढच्या वर्षी तो गेला.

साठ-सत्तरच्या दशकांवर फार रेंगाळण्यासारखं नाही. टेड ओवेन्स यांच्या काळात १९७१ आणि १९७४ ला संघ अखेरच्या चारांत पोहोचला, एवढं पुरे.

१९८३ मध्ये लॅरी ब्राऊन आले. ते डीन स्मिथचे शिष्य, म्हणजे घराण्याची फांदी फिरून मूळ घरी आली. त्यांच्या हाताखाली डॅनी मॅनिंग घडला, आणि १९८८ चा हंगाम ही कॅन्ससची सगळ्यात नवलाची कथा. दुखापती, गळती, माणसं इतकी कमी पडली की फुटबॉल संघातून खेळाडू उसने आणले. सलग ५५ घरचे सामने जिंकलेल्या या संघाला शेजारच्या कॅन्सस स्टेटने घरात येऊन हरवलं. एका टप्प्याला १२ विजय, ८ पराभव. सहावं मानांकन घेऊन स्पर्धेत शिरलेल्या या संघाने त्याच कॅन्सस स्टेटला हरवलं, ड्यूकला हरवलं, आणि ४ एप्रिलला गाठ पडली ओक्लाहोमाशी, ज्यांनी त्याच हंगामात त्यांना दोनदा धूळ चारली होती. मध्यंतराला ५०-५०. मॅनिंगचे ३१ गुण, १८ रिबाउंड, आणि शेवटच्या सेकंदांतले फ्री थ्रोही त्याचेच. ८३-७९. अकरा सामने हरलेला संघ देशाचा विजेता! १९५७ चा बलाढ्य संघ ज्या गावात हरला त्याच गावात हा लंगडा संघ जिंकला. विजयाची चव टिकली काही महिनेच. ब्राऊन व्यावसायिक संघाकडे गेले, आणि खेळाडू मिळवण्यातल्या नियमभंगामुळे विजेत्यालाच १९८९ च्या स्पर्धेत बंदी आली.

पुढचे रॉय विल्यम्सही डीन स्मिथच्याच तालमीतले. पंधरा हंगाम, चार वेळा अखेरच्या चारांत, विजेतेपद एकही नाही. १९९७ चा संघ ३४ सामने जिंकून ॲरिझोनाकडून हरला. माझ्या मते कॅन्ससचा सर्वोत्तम संघ तोच. २००३ च्या अंतिम सामन्यात तीसपैकी अठरा फ्री थ्रो चुकले आणि सिरॅक्यूजने ८१-७८ ने नेलं. त्यानंतर विल्यम्स नॉर्थ कॅरोलिनाला निघून गेले.

मग आले बिल सेल्फ. तरुणपणी ते याच कॅन्ससमध्ये ब्राऊन यांच्या हाताखाली मदतनीस होते. नेस्मिथ, ॲलन, स्मिथ, ब्राऊन, सेल्फ अशी ही सरळ माळ. सेल्फ यांनी सुरुवातीला बकनेल आणि ब्रॅडली अशा लहान कॉलेजांकडून मार खाल्ला. पण ७ एप्रिल २००८ रोजी मेम्फिसविरुद्ध दोन मिनिटांत नऊ गुणांची पिछाडी भरून निघाली. २.१ सेकंद उरले असताना मारिओ चाल्मर्सने तीन गुणांचा फटका टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत ७५-६८. मार्च २०२० मध्ये २८-३ अशा कामगिरीनिशी कॅन्सस क्रमांक एकवर होतं, आणि करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. ४ एप्रिल २०२२ ला न्यू ऑर्लीन्समध्ये मध्यंतराला ४०-२५ ने मागे असलेल्या कॅन्ससने ७२-६९ असा सामना फिरवला. अंतिम सामन्यात याहून मोठी पिछाडी कोणी भरून काढलेली नाही. समोर नॉर्थ कॅरोलिनाच होतं. १९५७ च्या त्या रात्रीला पासष्ट वर्षं झाली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये वहीत मागे जाऊन खाडाखोड झाली. एक खेळाडू अपात्र होता म्हणून २०१७-१८ च्या हंगामातले १५ विजय आणि त्या वर्षीची अखेरच्या चारांतली जागा रद्द ठरली. एकूण विजयांच्या यादीत कॅन्सस पहिल्या क्रमांकावरून घसरलं आणि केंटकी वर गेलं. ते केंटकी ज्यांनी चार दशकं खपून उभं केलं, ते प्रशिक्षक ॲडॉल्फ रप, १९२३ साली ॲलन यांच्या बाकावर बसलेले.