क्लाउड डेटा वेअरहाऊस

क्लाउड डेटा वेअरहाऊस म्हणजे कंपनीचा जुना-नवा सगळा डेटा रिपोर्ट आणि अ‍ॅनालिसिससाठी एका ठिकाणी ठेवायची सोय, फक्त मशीन आपली नसतात, अ‍ॅमेझॉन, गुगल नाहीतर मायक्रोसॉफ्टची भाड्याने घेतलेली असतात. अ‍ॅप ज्यावर चालतं तो पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलसारखा डेटाबेस वेगळा आणि हे वेगळं. तिकडे एखादी ऑर्डर टाक, एखादीचं स्टेटस बदल असलं बारीक काम सतत चालू असतं, इकडे मात्र कोणीतरी मागच्या ३ वर्षांच्या सगळ्या ऑर्डरींची जिल्हावार बेरीज मागतो. अशी क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) थेट अ‍ॅपच्या डेटाबेसवर मारली तर अ‍ॅपच लटकायची भीती, म्हणून डेटा इंजिनिअर तो डेटा तिथून उचलून वेअरहाऊसमध्ये आणतो आणि ही ने-आण करणाऱ्या व्यवस्थेला पाइपलाइन म्हणतात.

वेअरहाऊस हा प्रकार काही नवा नाही, टेराडेटाची यंत्रं १९८० च्या दशकापासून मोठ्या कंपन्यांत आहेत. पण तिथे डिस्क आणि प्रोसेसर एकत्रच विकत घ्यायचे, डेटा वाढला की अख्खं यंत्र वाढवायचं. मार्च २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने एस-थ्री ही स्टोरेज सेवा आणली आणि फाइली स्वस्तात, वाटेल तेवढ्या ठेवता यायला लागल्या. पुढे गुगलने आपल्या ड्रेमेल सिस्टिमवर बिगक्वेरी हे क्लाउड वेअरहाऊस उभं केलं, अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये रेडशिफ्ट हे आपलं वेअरहाऊस जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ओरॅकलमधून बाहेर पडलेले बेन्वा दाजविल आणि थिएरी क्रुआन यांनी मार्सिन झुकोव्स्की यांना सोबत घेऊन स्नोफ्लेक ही वेअरहाऊसचीच कंपनी काढली. सुरुवातीच्या रेडशिफ्टमध्ये स्टोरेज आणि कम्प्युट (क्वेरी चालवणारी मशीन) एकाच नोडवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर होतं, बिगक्वेरी आणि स्नोफ्लेकने मात्र ते आधीपासूनच वेगळं ठेवलं. डेटा एकीकडे पडून राहणार, त्याचं भाडं किरकोळ, आणि क्वेरी चालेल तेवढ्यापुरती मशीन उभी राहणार, खरे पैसे त्याचे.

इथेच सगळी मेख आहे. बिगक्वेरीच्या ऑन-डिमांड पद्धतीत क्वेरीने किती डेटा वाचला त्यावर बिल लागतं, स्नोफ्लेकमध्ये कम्प्युट किती वेळ चालू राहिलं त्यावर, सेकंदाच्या हिशोबाने, पण दर वेळी चालू केलं की किमान ६० सेकंद धरतातच. म्हणजे ऑटो-सस्पेंड, म्हणजे काम नसलं की कम्प्युट आपोआप बंद व्हायची सोय, नीट लावली नाही तर रात्रभर कोणी वापरत नसतानाही मीटर पळत राहतो. डेटा कॉलमवार ठेवलेला असतो, डेटा साठवायच्या पार्के (Parquet) फॉरमॅटच्या फाइलीही तशाच, त्यामुळे ५० कॉलमच्या टेबलमधून फक्त रक्कम आणि तारीख मागितली तर बाकीच्या ४८ कॉलमना हात लागत नाही. तरीही लोक सवयीने सिलेक्ट स्टार (सगळे कॉलम द्या) लिहितात आणि शेवटी लिमिट १० (फक्त १० ओळी दाखवा) लावून निर्धास्त होतात, जे मायएसक्यूएलवर खपून जातं, पण बिगक्वेरीत साध्या टेबलवर लिमिट लावल्याने वाचलेला डेटा कमी होत नाही, अख्ख्या टेबलचं बिल लागतं. ड्राय रन, म्हणजे क्वेरी न चालवता नुसती तपासणी, केलं की किती बाइट वाचले जाणार ते आधीच फुकटात कळतं, पण ते बघायला थांबतो कोण!

म्हणून मोठी टेबलं तारखेने पार्टिशन करतात, म्हणजे एका दिवसाची क्वेरी त्याच दिवसाचा तुकडा वाचते. भारतातल्या टीमला इथे एक खास डोकेदुखी आहे. सर्व्हरचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळातल्या ऑर्डरी आदल्या दिवसाच्या पार्टिशनमध्ये जातात, मग फायनान्सवाल्यांची बेरीज आणि डॅशबोर्डची बेरीज जुळत नाही आणि सकाळी सकाळी सगळे डेटा टीमच्या मागे लागतात. वेळ यूटीसीतच साठवावी आणि रिपोर्टसाठी भारतीय तारखेचा वेगळा कॉलम ठेवावा, हा त्यातल्या त्यात सरळ उपाय.

दुसरं म्हणजे पाइपलाइन मध्येच पडणार हे गृहीतच धरावं लागतं. एअरबीएनबीमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या एअरफ्लोसारख्या पाइपलाइन चालवणाऱ्या टूलमध्ये फेल झालेला टास्क परत चालवणं सोपं आहे, पण तो टास्क नुसता इन्सर्ट करत (नव्या ओळी टाकत) असेल तर तेच रेकॉर्ड दोनदा येतात. त्यामुळे त्या दिवसाचं पार्टिशन पूर्ण पुसून नव्याने लिहायचं किंवा मर्ज (असलेलं रेकॉर्ड बदल, नसलेलं टाक) वापरायचं, म्हणजे कितीही वेळा चालवलं तरी उत्तर एकच.

डेटा कुठल्या शहरात ठेवायचा हेही इंजिनिअरला बघावं लागतं. अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा गट, जून २०१६ मध्ये सुरू झालं, आणि एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच साठवा असा आदेश काढला, त्यामुळे पेमेंट कंपन्यांना स्वस्त पडतं म्हणून अमेरिकेतलं रीजन निवडायची मुभा उरली नाही. शिवाय एका रीजनमधून दुसऱ्यात डेटा हलवायचे पैसे वेगळे लागतात.