मंद वाऱ्यातील शीडनौकानयन

वारा साधारण ६ नॉटच्या (ताशी सुमारे ११ किमी) आत असताना छोटी शिडाची होडी चालती ठेवण्याचे कौशल्य. वाऱ्याचा जोर अंकांत सांगणाऱ्या बोफर्ट श्रेणीत हे वारे ० ते २ या अंकांत मोडतात. १ अंकाला पाण्यावर खवल्यांसारख्या सुरकुत्या उमटतात, तर २ अंकाला न फुटणाऱ्या लहान लाटा दिसतात.

वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या (वेग × वेग) प्रमाणात बदलतो. ६ नॉटचा वारा ३ वर आला की शिडावरचा जोर निम्मा नव्हे, पाव उरतो. त्यामुळे एकदा घालवलेली गती परत मिळायला फार वेळ लागतो. धपकन बसले किंवा झटक्याने उठले तरी शिडात जेमतेम भरलेला वारा सांडतो. जागा बदलायची ती मांजराच्या पावलांनी. सुकाणूचे तेच. त्याची प्रत्येक हालचाल थोडाफार ब्रेक लावते, म्हणून जाणते खलाशी शक्यतो अंगाचा भार सरकवून होडी वळवतात.

इतक्या कमी वेगात होडीला मुख्यतः तळाशी होणारे पाण्याचे घर्षण अडवते. म्हणून खलाशी पुढे सरकून बसतात. मागचा रुंद, सपाट भाग उचलला जातो. होडी वारा जातो त्या बाजूला किंचित कलती ठेवतात. त्याने बहुतेक डिंगींचा (छोट्या उघड्या होड्यांचा) पाण्याखालचा पृष्ठभाग घटतो, शिवाय शीड स्वतःच्या वजनानेच आकार धरते.

‘वारा कमी, तर शीड जास्त फुगवा’ हा सल्ला अर्धाच खरा. अगदी संथ हवा खोल वक्राला धरून वाहत नाही, मध्येच सुटते. म्हणून १-२ नॉटला शीड बऱ्यापैकी सपाट ठेवतात आणि वारा थोडा वाढला की पोट देतात. बूमच्या (शिडाची खालची कड धरणाऱ्या आडव्या दांडीच्या) वजनाने शिडाची मागची कड ताणून बंद होते, तेव्हा बूम खाली ओढणारा दोर सैल सोडतात. नवखा माणूस नेमके उलट करतो: होडी हलेना म्हणून दोर आणखी खेचतो.

वाऱ्याच्या फार तोंडावर जाण्याचा मोहही नडतो. होडीला आडवे वाहू न देणारी पाण्याखालची उभी फळी, म्हणजे सेंटरबोर्ड, गतीशिवाय काम करत नाही आणि होडी आडवी वाहू लागते. आधी नाक थोडे बाजूला वळवून वेग घेतलेला बरा. वारा थेट पाठीशी असला, तर होडीच्याच गतीने तो आणखी कमी जाणवतो, म्हणून तिरके जाणे बहुधा लवकर पोचवते.

पाण्यावरचे गडद पट्टे वाऱ्याची वर्दी देतात. शर्यतीत शीड पंख्यासारखे हलवून किंवा होडी झुलवून पुढे सरकण्यास शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील नियम ४२ मनाई करतो. प्रवाह होडीला मागे नेऊ लागला, तर मात्र नियम ४५ नुसार नांगर टाकता येतो, उथळ पाण्यात तळाला पाय टेकून उभेही राहता येते; पुढे निघण्यापूर्वी नांगर शक्यतो वर घ्यावाच लागतो.