‘कालेवाला’ची चित्रं म्हणजे नुसता देशाभिमान नव्हे

आक्सेली गालेन-काल्लेला यांनी फिनलंडच्या ‘कालेवाला’ महाकाव्यावर काढलेली चित्रं म्हणजे निव्वळ राष्ट्रप्रेम, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो अपुरा आहे. १८९७ चं ‘लेम्मिंकाइनेनची आई’ जवळून पाहा. लेम्मिंकाइनेन हा या महाकाव्यातला मारला गेलेला वीर. मृत्युनदीच्या काठी लालभडक डागांचे दगड, हाडं, कवट्या. मागे काळ्या पाण्यात हंस. आईची नजर मात्र मुलाच्या प्रेतावर नाही, वरून उतरणाऱ्या सोनेरी किरणांकडे आहे. कथेत मधमाशी तिथून मलम आणेल तेव्हाच मुलगा जिवंत होऊन उठणार. मांडणी थेट मृत ख्रिस्ताजवळ बसलेल्या मेरीची! माध्यम टेम्पेरा, म्हणजे अंड्यासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग: झटपट सुकतं, तेलरंगासारखं ओल्यात मिसळत बसता येत नाही, म्हणून कडा ठसठशीत आणि पृष्ठभाग भित्तिचित्रासारखा बिनचकाकीचा. त्यांच्याच १८९४ च्या ‘आद आस्त्रा’त (लॅटिनमध्ये ‘ताऱ्यांकडे’) तर कालेवाला नाहीच, तिथे चंद्रासमोर हात उभारलेली मुलगी आहे, तळव्यांवर ख्रिस्ताच्या जखमा घेऊन.